गावंड्यांचं चूलबंद आवतन

रोडगे करायचे, म्हणजे गोवऱ्यांच्या जगऱ्यात कणकेचे गोळे भाजून पंगत घालायची, हे ठरायला गावंड्यांच्या घरी चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. लेक आचलला नोकरी लागली होती, वांगी स्वस्त होती, आणि चांदूर बाजार रस्त्यावर संत्र्याचा मळा असलेला डोमाजी आचारी ‘साहेब, जागा मायी, जगराही माया, तुमी फक्त माणसं आना’ म्हणून कधीचा मागे लागला होता. भांडण झालं ते आवतन कसं द्यायचं यावर.

बाहेरच्यांना हे सांगून पटत नाही, पण वऱ्हाडात नुसतं ‘जेवायला या’ म्हणून भागत नाही. आवतनाच्या पायऱ्या असतात. ‘घरटी एक माणूस’ म्हणजे ओळख आहे, राहू द्या. ‘जोडप्यानं या’ म्हणजे जरा जवळचे. आणि ‘चूलबंद’ म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटायचीच नाही. म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत सगळ्यांनी यायचं, घरी पाहुणा आलेला असेल तर त्यालाही घेऊन यायचं. हे पूर्वी दारात उभं राहून, आवाज खाली घेऊन सांगायचे. शेजारच्याला काय सांगितलं ते याला कळत नसे आणि गावात शांतता नांदत असे. व्हॉट्सअपच्या गटाने ही सोय बंद पाडली. गटात एकच निरोप सगळ्यांना जातो, आणि सव्वाशे घरांना चूलबंद जेवू घालायचं म्हणजे आचलचा पहिला पगार हातात यायच्या आधीच संपला असता.

“सिध्धे फोन करा ना एकेकाले,” गावंड्यांच्या पत्नी पौर्णिमाताई म्हणाल्या. “माया भावाले पैले करा.”

त्या ‘माया भावाले’मध्ये सगळ्या कार्यक्रमाचा जीव होता. पौर्णिमाताईंचे थोरले भाऊ सूर्यभान अकोल्याला राहत. अमरावतीतल्या याच घराच्या वास्तूला त्यांना कोणीतरी फोनवर ‘घरटी एक’ असा निरोप दिला होता. कोणी दिला, हे शेवटपर्यंत कळलं नाही. सूर्यभान खरंच एकटे आले, पाटावर बसले, जेवले, सुपारी न घेता उठले आणि त्यानंतर बहिणीचा उंबरठा त्यांनी पाहिला नाही. राखीला पौर्णिमाताई अकोल्याला जात. भाऊ गोड बोलत, पण इकडे येत नसत. रोडग्यांना भाऊ सगळ्या घरादारासकट यावा, एवढंच त्यांना हवं होतं. नोकरीचं निमित्त होतं.

गोवर्धन गावंडे यांनी चष्मा कपाळावर चढवला. ते एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक होते आणि कोणताही प्रश्न ते सुटा हाताळत नसत. आधी त्याची पद्धत ठरवत. “फोनवरच तं मागच्या वेळेस घोळ झाला,” ते म्हणाले. “यावेळेस तोंडी काही नाही. मी पान बनवतो. इंटरनेटचं. ज्यानं त्यानं आपला मोबाइल नंबर टाकायचा, आपलं नाव पाहायचं, आपलं आवतन पाहायचं. दुसऱ्याचं दिसणारच नाही.”

“कोन बनवून देईन?”

“मी!” गावंडे म्हणाले, आणि भिंतीकडे बघितलं. भिंतीवर प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लॅमिनेट करून लावलेलं होतं. कचेरीने त्यांना नागपूरला पाठवून जावास्क्रिप्ट आणि एक्सएमएल शिकवलं होतं. बाकीचे प्रशिक्षणार्थी दुपारनंतर बर्डीच्या बाजारात फिरायला जात. गावंडे एकटे शेवटपर्यंत बसले होते, कारण एक्सएमएल बघताक्षणी त्यांना आपलंसं वाटलं होतं. इथे प्रत्येक गोष्ट कंसात सुरू होते आणि कंसातच बंद होते. उघडलेलं बंद केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तीस वर्षं कचेरीत हेच ओरडून सांगत असलेल्या माणसाला आपलं म्हणणं कोणीतरी अखेर मान्य केल्यासारखं वाटलं, यात नवल नाही.

तर फाईल तयार झाली. ‘घर’ असा कंस, त्यात ‘नाव’, ‘मोबाइल’ आणि ‘आवतन’, मग घर बंद. पुढचं घर. खुणाही मराठीतच ठेवल्या. सव्वाशे घरं अकारविल्हे लावली, कारण मानापमान टाळायला याहून सरकारी उपाय नाही. पहिलं घर आलं कचेरीतल्या अढाऊंचं, घरटी एक. सूर्यभान शेवटून चौथे आले, चूलबंद.

मग ही फाईल वाचून दाखवणारं पान. नंबर टाकला की त्याचं घर शोधणारी ओळ गावंड्यांनी स्वतःच्या डोक्याने लिहिली, तिचा त्यांना अभिमान होता. आवतन उचलून आणणारी ओळ त्यांनी प्रशिक्षणाच्या पुस्तिकेतून जशीच्या तशी उतरवून घेतली, तिचाही त्यांना अभिमान होता. मग त्यांनी पान तपासलं. तपासण्याची त्यांची पद्धत कचेरीत प्रसिद्ध होती. गठ्ठ्यातला पहिला कागद डोळ्यांत तेल घालून वाचायचा, आणि तो ठीक निघाला की खालच्या सगळ्यांवर सह्या करायच्या. या पद्धतीने त्यांचं टेबल कायम रिकामं राहत आलं होतं. त्यांनी अढाऊंचा नंबर टाकला. ‘राम राम अढाऊजी, आपणांस घरटी एक आवतन आहे.’ बरोबर! गावंड्यांनी मनातल्या मनात उरलेल्या घरांवर सह्या केल्या.

पण ही तपासणी होण्याआधी एक अडचण आली होती: घरच्या संगणकावर पान सरळ उघडलं की ते कोरंच राही. खेटून ठेवलेली फाईल ब्राउझर आणायला तयार नव्हता. शेजारचे संघपाल वाकोडे इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवत. त्यांनी गेटवर उभ्याउभ्या निदान केलं. “साहेब, फाईल बाजूले असली तरी तो तशी घेत नाही. सर्व्हरवरून आली पाहिजे. तुमच्या चाचणीपुरता सर्व्हर मी लावून देतो, पण लोकांसाठी कुठंतरी चढवावं लागते.”

“म्हणजे टेबलावर समोर पडलेला कागदही आवक-जावकमधूनच आला पाहिजे!” गावंडे आनंदाने म्हणाले. ब्राउझरविषयी त्यांचा आदर दुणावला.

कॉलनीच्या सोसायटीची एक वेबसाइट होती. तिच्यावर मागच्या गणपतीचे फोटो आणि ‘लवकरच येत आहे’ एवढाच मजकूर होता, पण तिच्या किल्ल्या सचिव पुंजाराम खंडारे यांच्याकडे होत्या. खंडाऱ्यांनी आधी अर्ज मागितला. मग अर्जावर अध्यक्षांची शिफारस. मग ‘खासगी जेवणासाठी सामाईक वेबसाइट’ या विषयावर कार्यकारिणीचा ठराव. गावंड्यांना याचा राग आला नाही. उलट खंडारे आपल्याच जातकुळीचे निघाले याचं त्यांना समाधान वाटलं. ठराव झाला, फाईल खंडाऱ्यांच्या हाती गेली, पान चढलं आणि कोरं दिसू लागलं. ‘पान आढळलं नाही’ असंही नाही, ‘चूक आहे’ असंही नाही. नुसतं पांढरंफेक.

गावंड्यांनी फाईल सरळ ब्राउझरात उघडली. वर गुलाबी चौकट आली आणि तिच्यात लिहून आलं की अमुक ओळीवर उघडलेली खूण बंद केलेली नाही. त्यांनी ती ओळ काढली. ते घर खंडाऱ्यांचं होतं. फाईल चढवताना सचिवांनी तिच्यात डोकावलं होतं, आपल्या नावापुढे ‘घरटी एक’ वाचलं होतं, ते खोडून ‘चूलबंद’ लिहिलं होतं, आणि घाईघाईत बंद करायची खूणही खोडली होती. एका खंडाऱ्यांच्या हावेपायी सव्वाशे घरं उपाशी राहिली होती.

“मी कशाले हात लावू?” खंडारे म्हणाले.

“ओळ सांगून राहिली, साहेब.”

खंडाऱ्यांनी ओळीकडे पाहिलं, मग गावंड्यांकडे. “गावंडे, रोज सकाळी गेटवर भेटतो आपण. घरटी एक?”

तडजोड ‘जोडप्यानं’वर झाली. गावंड्यांनी वेबसाइटच्या किल्ल्या मागून घेतल्या, स्वतः दुरुस्ती केली, कंस बंद केला, अढाऊंचा नंबर टाकून पुन्हा तपासलं, आणि पानाचा पत्ता सगळ्यांच्या आधी अकोल्याला पाठवला. मानाचं आवतन म्हणून.

अकोल्याहून फोन आला तेव्हा पौर्णिमाताई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्या फार काही बोलल्या नाहीत. ‘हो भाऊ’, ‘नाही भाऊ’, ‘अहो पन भाऊ’ एवढंच. फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

“घरटी एक लिहून आलं त्याले,” त्या म्हणाल्या.

“शक्यच नाही. चूलबंद आहे.”

“मी म्हनलं त्याले, भाऊ, चुकून आलं असन, तुमी समदे या. तं तो म्हनते, ‘तोंडानं काही बी म्हनता येते पौर्णिमा. लेहून काय आलं ते महत्त्वाचं. मागच्या बारीले बी एकच, या बारीले बी एकच. जवाईबुवा पक्के आहेत आपल्या हिशेबाले.’” आणि पदर डोळ्यांना लावून त्या आत गेल्या. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज आला नाही. गावंड्यांना लग्नाच्या इतक्या वर्षांत एवढं कळत होतं की भांडी आपटली तर बरं असतं.

त्यांनी फाईल उघडली. सूर्यभानच्या घरात स्वच्छ ‘चूलबंद’ लिहिलेलं होतं. नंबर टाकला. ‘राम राम सूर्यभानजी, आपणांस घरटी एक आवतन आहे.’ गावंडे दचकले. तेवढ्यात खंडारेही दारात येऊन उभे राहिले. जोडप्यानं ठरलं असताना पानावर एकच कसा, आणि हा कॉलनीच्या कार्यकारिणीचा विश्वासघात कसा, यावर ते उभ्याने बोलले. संघपालनी फोनवरून सल्ला दिला की जुनी फाईल दिसत असेल, ब्राउझरचा साठा साफ करा. साठा साफ केला. समोरच्या घरातल्या मास्तरीणबाईंनी संगणक बंद करून परत चालू करायला सांगितलं. तेही केलं. घरटी एक ते घरटी एकच राहिलं.

पौर्णिमाताई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. पडद्यावर नावं सरकत होती. “माया भावाचं नाव इतकं खाली काहून?” त्यांनी विचारलं.

“अकारविल्हे आहे ते.”

“अकारविल्हे तुमच्या हापिसात. मानाच्या मानसाले कोनी पंगतीच्या टोकाले बसवते काय? वर टाका त्याले. समद्याच्या वर.”

वाद घालायची ही वेळ नव्हती. गावंड्यांनी सूर्यभानचं अख्खं घर, कंसांसकट, उचलून फाईलच्या डोक्यावर ठेवलं. चढवलं. नंबर टाकला. ‘राम राम सूर्यभानजी, आपणांस चूलबंद आवतन आहे.’

“दिसलं!” पौर्णिमाताई म्हणाल्या आणि लगेच अकोल्याला फोन लावला.

दिसलं म्हटल्यावर कारणही असायलाच हवं, आणि कारण नसलेली गोष्ट गावंड्यांच्या टेबलावर कधी राहत नसे. त्यांनी संघपालना समजावून सांगितलं की फाईल लांब आहे, कॉलनीतलं नेट हळू आहे; खालची नावं पोहोचेपर्यंत ब्राउझर दमतो आणि जे हाताला लागेल ते दाखवतो. वर घेतलं की ताजातवाना असतो. संघपालनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, पण गावंड्यांचा आवाज इतका ठाम होता की प्राध्यापकालाही क्षणभर ते खरं वाटलं. संध्याकाळी खंडारे गेटवर भेटले ते हात जोडूनच. “मानलं गावंडे तुमाले! दिलदार मानूस.” जोडप्यानं म्हटल्यावर माणूस एवढा विरघळतो, याची गावंड्यांना गंमत वाटली. मग त्यांनी पानाचा पत्ता उरलेल्या सगळ्या घरांना पाठवून दिला. त्यानंतर एकही तक्रार आली नाही. तक्रार नाही म्हणजे काम चोख, ही त्यांची जुनी समजूत होती.

रोडग्यांच्या दिवशी डोमाजीने मळ्यात गोवऱ्यांचा लांबलचक जगरा पेटवला होता. दोनेकशे माणसांच्या हिशेबाने कणीक भिजली होती, वांग्यांची भाजी रटरटत होती. पहिले आले ते अढाऊ. कचेरीत मान खाली घालून बसणारे अढाऊ आज पुढे चालत होते. मागे बायको, दोन मुलं, सून, आणि काठी टेकत येणारी आई. गावंड्यांनी त्यांना अर्धं हसून नमस्कार केला आणि माणसाला रीतभात राहिली नाही असं मनात म्हटलं. मग एक रिक्षा आली, तिच्यातून एकच कुटुंब बाहेर पडत राहिलं. मग एक टेम्पो आला. मग खंडारे आले, बायको, मुलं आणि सासुरवाडीची माणसं घेऊन. “तेल्हाऱ्याचे पाहुने कालच आले,” ते म्हणाले. “आता चूलबंद म्हनल्यावर त्यायले काय घरी शिजवून द्यायचं?”

“तुम्हाला चूलबंद?” गावंडे म्हणाले.

“तुमीच तं देलं!”

संघपाल आपल्या बायको-मुलांसह, आईवडिलांसह आले होते. त्यांनी खिशातून मोबाइल काढला. अढाऊंचा नंबर टाकला: चूलबंद. मास्तरीणबाईंचा: चूलबंद. कचेरीतल्या शिपायाचा: चूलबंद. मग त्यांनी पानाची आतली बाजू उघडली, दोन ओळी वाचल्या आणि गावंड्यांना संत्र्याच्या झाडाआड नेलं.

“साहेब, नाव तुमी ज्याच्या त्याच्या घरात जाऊन आनता. ते बरोबर. पन आवतन आनताना त्या घरात जातच नाही. अख्ख्या फाईलीत पैलं जे आवतन सापडते, तेच उचलून आनता. प्रत्येकासाठी.”

“पुस्तिकेत तसंच होतं,” गावंडे म्हणाले.

“पुस्तिकेत घर एकच असन.”

एकच होतं. गावंड्यांना आठवलं. अढाऊ वर होते तेव्हा सगळी सव्वाशे घरं घरटी एक झाली होती, आणि मेहुण्याला मान म्हणून वर चढवला तेव्हा सगळी चूलबंद झाली होती. ब्राउझर अजिबात दमलेला नव्हता. झाडाआडून त्यांनी मळ्याकडे पाहिलं. फाटकातून अजून माणसं येतच होती, सगळी ठेवणीतल्या कपड्यांत, सगळी खूश, कारण प्रत्येकाला वाटत होतं की गावंड्यांनी आपल्यालाच एवढं जवळचं मानलं.

“साहेब,” डोमाजी पिठाचे हात घेऊन आला, “हे काही जुळून नाही राह्यलं. कनीक अर्ध्यालेच सरली. बायकाच बायका, पोरंच पोरं.”

आणि नेमकी त्याच वेळी अकोल्याची जीप फाटकात शिरली. सूर्यभान उतरले, पांढरं धोतर, डोक्याला फेटा. मागे त्यांची बायको, दोन भाऊ, भावजया, थोरला मुलगा शिवम, लहानसहान सगळे. पौर्णिमाताई धावतच गेल्या. भाऊ खरंच चूल विझवून आला होता. त्या वहिनीचा हात धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी डोमाजीचा चेहरा पाहिला, नवऱ्याचा पाहिला आणि त्यांना सगळं कळलं. इतक्या वर्षांनी भाऊ आला, आणि आता त्याच्या पानात रोडगा कमी पडणार.

सूर्यभानना सतरंजीवर बसवलं. शेजारी अढाऊ. “तुमी कोन जी गावंड्याचे?” सूर्यभाननी विचारलं.

“हापिसात सोबत आहो.”

“आवतन कोनतं होतं?”

“चूलबंद,” अढाऊ छाती काढून म्हणाले.

सूर्यभान पलीकडे वळले. “अन् तुमाले?” चूलबंद. “तुमाले?” चूलबंद. ते उठले आणि सरळ गावंड्यांकडे चालत आले. गावंड्यांनी पाठ ताठ केली. कारणे दाखवा नोटिशीचं उत्तर त्यांच्या डोक्यात मुद्देनिहाय तयार होऊ लागलं होतं. मुद्दा पहिला, पुस्तिका.

“जवाईबुवा, समद्यायले चूलबंद देलं?”

“गेलं खरं सगळ्यांना,” गावंडे म्हणाले.

“अन् मी इतके वर्सं तुमाले चिंधीचोर समजत होतो,” सूर्यभान म्हणाले. “मी माया बायकोले म्हनत होतो, पौर्णिमाले कंजूस घरात देलं आपन. एका पाटासाठी रुसून बसलो. आज या मानसानं शिपायाले अन् साहेबाले एकाच पंगतीले बसवलं. असं आवतन माया बापानं बी कधी देलं नव्हतं.”

गावंड्यांच्या ओठावर मुद्दा पहिला आला होता. त्यांनी बायकोकडे पाहिलं. पौर्णिमाताईंनी वहिनीचा हात अजून सोडला नव्हता. तीस वर्षांच्या नोकरीत गावंड्यांनी प्रथमच एक खुलासा न करता फाईल बंद केली.

“पन कनीक पुरून नाही राह्यली, भाऊ,” पौर्णिमाताईंनी सांगूनच टाकलं.

“मंग?” सूर्यभान गरजले. “बहिनीच्या घरचं कार्य हाये. शिवम! जीप काढ, चांदूर बाजारात जाय, भेटन तितकं जाडं पीठ आन.” त्यांनी फेटा उतरवून सतरंजीवर ठेवला, बाह्या सारल्या आणि डोमाजीच्या परातीपुढे मांडी ठोकली. मेहुणे बसले म्हटल्यावर अढाऊंची सून बसली, खंडाऱ्यांच्या तेल्हाऱ्याच्या पाहुण्या बसल्या, संघपालची आई ‘सरका जराशे’ म्हणत बसली. चूलबंद आवतनाचा हा एक फायदा गावंड्यांच्या ध्यानात आला नव्हता: खाणारी तोंडं घेऊन आलेल्या घरांनी रांधणारे हातही आणले होते. खंडारे गोवऱ्या वाहू लागले; ठराव कोणी मागितला नाही.

शेवटची पंगत उठायला ऊन उतरलं. त्या पंगतीत सूर्यभान बसले होते, हात पिठाने पांढरे, आणि पौर्णिमाताई त्यांच्या फुटलेल्या रोडग्यावर तुपाची धार धरून होत्या. ते ‘बस’ म्हणाले तरी त्या थांबल्या नाहीत. त्या रडत होत्या आणि हसत होत्या, आणि कोणी पाहतंय याची त्यांना मुळीच पर्वा नव्हती. यावेळी भावाने सुपारी घेतली.

हात धुऊन संघपाल गावंड्यांपाशी आले. “साहेब, ती ओळ मी आज दुरुस्त करून देतो. पाच मिनिटांचं काम आहे.”

तेवढ्यात सूर्यभान येऊन खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. “जवाईबुवा, माया शिवमचं लग्न हाये पुढच्या महिन्यात, अकोल्याले. पत्रिका छापत नाही मी. तुमचं हे पानच पायजे. त्यात काही फेरबदल नका करू. फक्त पैलं नाव माया बहिनीच्या घरचं टाका. चूलबंद.”

पौर्णिमाताईंनी पदर तोंडाला लावला. संघपालनी गावंड्यांकडे पाहून जोरजोरात मान हलवली, नाही, नाही.

गावंड्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

“टाकतो,” ते म्हणाले. “तेवढं एक नाव वर नीट पडलं, की बाकीचं सगळं आपोआप होते.”